दुरून बोली लावून घोडा खरेदी करताना

काष्टी, घोडेगाव, लोणी किंवा वाळकी येथील जनावरांच्या बाजारात ज्याचे बालपण गेले, त्याला जनावराची पारख निराळी शिकवावी लागत नाही. तो जनावराभोवती दोन फेऱ्या मारतो, पाठीवरून हात फिरवितो, ओठ उचलून दात पाहतो, चार पावले चालवून घेतो आणि मगच किमतीचा शब्द तोंडातून काढतो. घोड्याच्या खरेदीतही हीच रीत चालत आली आहे. येवल्याच्या घोडेबाजारात, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा समोर उभा असतो आणि भाव दोघांच्या बोलण्यातून, बहुधा दलालाच्या मध्यस्थीने, ठरतो. तेथे हातोडा पडत नाही. सौदा न पटल्यास गिऱ्हाईक पुढच्या दावणीकडे वळते.

चालू लिलावात घरी बसून मोबाइलवरून बोली लावणे ही गोष्ट याहून अगदी वेगळी आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात घोडे बाळगणारे लोक थोडे असले तरी त्यांची गरज खरी आहे. चराईसाठी दूरवर फिरणारे मेंढपाळ आपले बिऱ्हाड तट्टावर लादतात. त्यांच्याकडील भीमथडी तट्टाची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच राष्ट्रीय स्तरावर नोंद झाली आहे. लग्नसराईत वरातीची घोडी लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. तेव्हापासून घाटातील शर्यतीत बैलांपुढे धावणाऱ्या घोडीकडेही पुन्हा लक्ष गेले आहे. अशा कुटुंबातील एखादा तरुण दूरच्या लिलावाची जाहिरात पाहून सल्ला विचारावयास येतो, तेव्हा ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने त्याला काय सांगावे, हे येथे पाहावयाचे आहे.

दुरून बोली लावण्याची कल्पना आपल्या शेतकऱ्यास अगदीच नवी नाही. पूर्वी शेतमालाचा भाव रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी ठरत असे आणि माल ज्याचा, त्यालाच तो कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, सुरू झाला आणि व्यापाऱ्यास बाजाराच्या आवारात न येताही बोली देता येऊ लागली. परंतु सोयाबीनची किंवा हरभऱ्याची गोष्ट वेगळी. ढिगातून मूठभर नमुना काढला, त्याचा ओलावा व प्रत मोजली की तो नमुना साऱ्या ढिगाच्या वतीने बोलतो. घोड्याचा नमुना काढता येत नाही. त्याचा एक खूर दुखरा असेल तर उरलेले तीन चांगले असून उपयोग नाही. म्हणून दुरून बोली लावणाराने आपले डोळे व हात कोणाच्या तरी स्वाधीन केले पाहिजेत, आणि तेही लिलावाच्या आधी.

यावर उत्तम उपाय म्हणजे त्या ठिकाणचा, विक्रेत्याशी संबंध नसलेला पशुवैद्य नेमून घोडा तपासून घेणे. त्याची फी वाचविण्याकडे पुष्कळांचा कल असतो, पण येथे केलेली काटकसर महागात पडते. पशुवैद्याकडून लेखी अहवाल घ्यावा आणि त्याबरोबर काही चित्रफिती मागवाव्यात. जाहिरातीतील चित्रफीत विक्रेत्याच्या सोयीची असते. आपल्या सोयीची अशी : घोडा कठीण जमिनीवर, सैल लगामाने, सरळ दूर जाताना व सरळ परत येताना, प्रथम चालीने व नंतर दुडकीने. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मऊ मातीत किंवा गोल फिरविताना हे सहज झाकले जाते. वेदनाशामक औषध देऊनही लंगडणे एक-दोन दिवस लपविता येते. म्हणून लिलावाच्या ठिकाणी रक्तनमुना घेऊन ठेवण्याची सोय आहे काय, हे विचारावे.

दातांची दोन छायाचित्रे मागवावीत, एक तोंड मिटून समोरून व बाजूने, दुसरे तोंड उघडून. घोड्याचे पटाशीचे दूधदात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडून कायमचे दात येतात. पाच वर्षांचा घोडा पुऱ्या दातांचा होतो. त्यानंतर खालच्या दातांवरील खळगे मधल्या जोडीपासून बाहेरच्या जोडीपर्यंत सहाव्या ते आठव्या वर्षात झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातील दाताच्या हिरडीशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत व विसाव्या वर्षी दाताच्या टोकापर्यंत पोचते. 'सात वर्षांची घोडी' म्हणून पुकारलेल्या जनावराच्या दातावर ही खाच अर्ध्यावर आली असेल, तर पुढचे काही पाहण्याचे कारण उरत नाही.

उंचीच्या बाबतीत छायाचित्रावर विसंबू नये. खालून वर धरलेला कॅमेरा तट्टालाही घोडा करतो. खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत टेप लावलेली दिसली पाहिजे. अंगावरील भोवऱ्यांची व पांढऱ्या खुणांची नोंद करून घ्यावी. अशुभ भोवरा सांगून भाव पाडणारे आणि शुभ भोवरा सांगून तो चढविणारे लोक बाजारात आहेत, आणि त्या शुभाशुभाला शास्त्राचा काही आधार नाही. पण भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही, हे मात्र खरे. पुकारलेला घोडा व गाडीतून उतरलेला घोडा एकच आहे काय, हे ताडून पाहण्यास भोवऱ्यासारखी खूण नाही. शरीरात सूक्ष्मचीप बसविलेली असल्यास तिचा क्रमांकही लिहून घ्यावा.

काही दोष तपासणीत दिसत नाहीत, ते सोबत राहणाऱ्यालाच माहीत असतात. गव्हाणीचे लाकूड चावणे, हवा गिळणे, एका जागी उभे राहून सतत डुलत राहणे, नाल ठोकताना लाथा झाडणे ही त्यांची उदाहरणे होत. इंग्लंडातील न्यूमार्केट येथे टॅटरसॉल्स ही १७६६ साली स्थापन झालेली लिलावसंस्था आहे. तेथे यांपैकी गव्हाण चावणे, हवा गिळणे व डुलणे या खोडी विक्रेत्याने आधी जाहीर कराव्या लागतात. याच संस्थेने २०२० च्या महामारीत इंटरनेटवरून बोली घेण्यास सुरुवात केली. आपल्याकडे असे जाहीर करण्याची सवय नसेल, तर हे प्रश्न खरेदीदाराने स्वतः लेखी विचारावेत व उत्तरही लेखी घ्यावे.

हातोड्याचा अर्थ

लिलावाचा कायदा १९३० च्या मालविक्री अधिनियमातील कलम ६४ मध्ये आहे व तो फारसा अवघड नाही. हातोडा पडला, किंवा त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे 'तीन वार' झाले, की विक्री पुरी झाली. तोपर्यंत बोली मागे घेता येते. मात्र दूरस्थ लिलावाच्या अटींत याविरुद्ध कलम घातलेले असू शकते, म्हणून अटी आधी वाचाव्यात. विक्रेत्याने स्वतःच्या मालावर स्वतः बोली द्यावयाची असेल, तर तसा हक्क उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता आपली माणसे उभी करून खोट्या बोलीने भाव चढविल्यास खरेदीदारास तो व्यवहार नाकारता येतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अग्राह्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियमात स्पष्ट केले आहे. तेव्हा 'बटण चुकून दाबले गेले' या सबबीवर कोणी विसंबू नये.

याच कायद्यातील आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. वेगळे ठरले नसेल तर मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही त्याच्याकडे जाते. हातोडा दुपारी तीन वाजता पडला आणि रात्री घोड्यास पोटशूळ होऊन तो दगावला, तर घोडा तीनशे कोसांवर असला तरी नुकसान बोली जिंकणाराचे. म्हणून विमा गाडी निघाल्यापासूनचा नव्हे, तर हातोडा पडल्याच्या क्षणापासूनचा असावयास पाहिजे. त्याची बोलणी आदल्या दिवशीच करून ठेवावी लागतात.

बोलीची मर्यादा कागदावर लिहावी. केवळ उदाहरणादाखल, एखाद्याजवळ दीड लाख रुपये आहेत असे धरू. वाहतूक व सोबतचा माणूस १८,०००, तपासणी, रक्तनमुने व विमा ९,०००, घोडा अलग ठेवण्याच्या काळातील चारा, नाल व औषध ८,०००, असे ३५,००० वजा जाता १,१५,००० उरतात. लिलावाची फी व कर मिळून बोलीच्या दहा टक्के धरले, तर या माणसाची शेवटची बोली सुमारे १,०४,००० होते, दीड लाख नव्हे. गाय-म्हैस, शेळी-मेंढी, इतकेच काय गाढव व खेचर यांवरही वस्तू व सेवा कर नाही, घोड्यावर मात्र आहे. तो बोलीत धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्यावे. अनामत रक्कम भरताना खाते लिलाव करणाऱ्या संस्थेच्याच नावाचे आहे ना, हे बँकेत जाऊन पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर घोड्याची चित्रफीत पाठवून लागलीच इसार मागणाऱ्याचा घोडा त्याच्या दावणीला असेलच असे नाही.

प्रत्यक्ष बोलीचा वेळ फार थोडा, बहुधा दोन-तीन मिनिटांचा असतो. पडद्यावरील चित्र प्रत्यक्षाच्या काही सेकंद मागे चालते. 'दोन वार' ऐकू येईपर्यंत तेथे तिसरा वार होऊन गेलेला असू शकतो. म्हणून शेवटच्या क्षणी बोली देण्याची बाजारातील युक्ती येथे कामास येत नाही. प्रथमच बोली लावणाराने आपल्या क्रमांकाआधीचे दहा-बारा घोडे नुसते पाहावेत. बोली किती रुपयांनी चढते, लिलाव पुकारणारा दूरच्या बोलीसाठी किती थांबतो, हे त्यातून कळते. गावात रेंज जात-येत असेल तर स्वतः बटण दाबण्यापेक्षा तेथील विश्वासू माणसास, कमाल रक्कम लिहून दिलेले सहीचे पत्र देऊन, प्रतिनिधी नेमणे बरे. घरात चार माणसे जमवून बोली लावू नये. 'आणखी पाच हजारांनी काय होते' असे म्हणणारा एकजण त्यात असतोच, आणि ते पाच हजार त्याचे नसतात.

घोडा आणताना

बोली जिंकल्यावर घाई करण्याकडे कल असतो. १९७८ च्या जनावरे वाहतूक नियमांप्रमाणे घोड्यांसाठी पशुवैद्याचा दाखला लागतो, गाडीत चार ते सहांहून अधिक घोडे चालत नाहीत, प्रत्येक गाडीबरोबर एक माणूस असावा लागतो व वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. सातशे किलोमीटरचे अंतर म्हणजे नुसत्या चालण्याचे वीस तास झाले. विसावा व पाणी धरून दोन दिवस समजावेत. तळाला न घसरणारे काही अंथरलेले असावे आणि दोन जनावरांमध्ये बांबू बांधलेले असावेत.

सर्वांत महत्त्वाचा कागद ग्लँडर्स रोगाच्या रक्ततपासणीचा होय. हा जिवाणूजन्य रोग घोडा, गाढव व खेचर यांना होतो आणि नाकातील स्राव, जखमा, सामाईक पाण्याची टाकी यांतून पसरतो. माणसासही तो होतो व प्राणघातक ठरू शकतो. रोगी जनावरावर उपचार करावयाचे नसतात, ते नष्ट करावे लागते. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची सूचना देणे बंधनकारक आहे. या तपासणीचे राष्ट्रीय केंद्र हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नकारात्मक अहवाल हाती आल्याशिवाय, आणि त्यावरील खुणा लिलावातील घोड्याच्या खुणांशी जुळल्याशिवाय, गाडी हलवू नये. माशांमार्फत पसरणाऱ्या सर्रा रोगासाठीही रक्त तपासून घ्यावे.

गावात आल्यावर घोडा निदान तीन आठवडे इतर घोड्यांपासून दूर बांधावा. त्याची बादली, तोबरा व खरारा वेगळा ठेवावा आणि सार्वजनिक हौदावर त्यास नेऊ नये. नाकातून घट्ट स्राव, पायांवर गाठी किंवा ताप आढळल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे व तोपर्यंत एकाच माणसाने, हातमोजे घालून, त्याची व्यवस्था पाहावी. उतरविताना भोवऱ्यांची नोंद ताडून पाहिलेला कागद, लिलावाची पावती, वाहतुकीचा दाखला व रक्ताचा अहवाल हे सारे पशुधन पर्यवेक्षकास दाखवून त्यांच्या प्रती घरात ठेवाव्यात.