खाडी समजावताना : महाबळेश्वर ते बाणकोट, सावित्री नदीची गोष्ट



मागच्या आठवड्यात वर्गात नकाशा लावला होता. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, गोदावरीच्या तोंडाशी फाटे फुटलेत, मग कोकणातल्या नद्यांना का नाही फुटले?" प्रश्न फारच छान होता. पाठ्यपुस्तकात आपण "नदीचे मुख समुद्राच्या भरती-ओहोटीखाली येते त्या भागास खाडी म्हणतात" अशी एक ओळ शिकवतो आणि पुढे जातो. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन गुण मिळतात. बर्डीवर वाढलेल्या लेकराला त्यातून काही दिसत नाही. त्याने समुद्रच पाहिलेला नसतो.

मलाही काही दिसत नव्हतं. डीएड झाल्यावर माझी शिक्षणसेवक म्हणून पहिली नेमणूक थेट रायगड जिल्ह्यात, सावित्रीच्या खाडीकाठच्या एका छोट्या गावात झाली. (विदर्भातल्या किती जणांनी असं कोकण पाहिलंय, ते आपल्यालाच माहीत!) पहिल्याच आठवड्यात काठावर उभी होते. एक नारळाचं झावळं वाहत होतं, पण डोंगराच्या दिशेने. नदी उलटी वाहत होती. मी शेजारच्या मावशींना म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "बाई, भरती हाय ती." आज लिहिते आहे ते त्या वर्षांत शिकलेलं आहे.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वळून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. सावित्री मात्र पश्चिमेला कड्यावरून उतरते, पोलादपूर, महाड करत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरात अरबी समुद्र गाठते. आपली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालते. बर्डीवर पडलेला पाऊस नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला, मग प्राणहितेला, सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि शेवटी आंध्रात समुद्राला मिळतो. इतक्या लांब आणि सपाट वाटेवर नदी दमते, हातातला गाळ खाली ठेवते आणि त्या गाळातूनच फाटे फुटून त्रिभुज प्रदेश तयार होतो.

सावित्रीचं तसं नाही. डोंगर सोडला की लगेच समुद्र. त्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे नागपूरला जेमतेम अकराशे. हे सगळं पाणी चार महिन्यांत एका अरुंद दरीतून जोराने खाली येतं. म्हणजे गाळ असतो, पण तो निवांत पसरायला सपाट जागा नसते आणि जो पसरतो त्याला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ढवळते.

आणखी एक कारण आहे, ते मुलांना फार आवडतं. शेवटच्या हिमयुगात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचं खूप पाणी बर्फात अडकलं होतं. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा तेव्हा बराच पश्चिमेला होता आणि नद्या तिथपर्यंत दऱ्या कोरत जायच्या. बर्फ वितळला, समुद्र वर चढला आणि या दऱ्यांच्या तोंडात शिरला. खाडी म्हणजे बुडालेली दरी, हे एवढं वाक्य मुलांच्या लक्षात राहतं.

स्कॉटलंडमध्ये अशा नदीमुखांना 'फर्थ' म्हणतात. फर्थ ऑफ फोर्थ, फर्थ ऑफ टे ही नावं नकाशात दाखवा. तिथे दऱ्या बर्फाच्या नद्यांनी घासून रुंद केल्या, आपल्याकडे फक्त पाण्याने. पण त्यांत समुद्र शिरला, तो दोन्हीकडे बर्फ वितळल्यामुळेच. गंमत अशी की एडिंबरोत 'आर्थर्स सीट' नावाची टेकडी आहे, तिथून फर्थ ऑफ फोर्थ दिसतो. आणि आपल्या महाबळेश्वरलाही 'आर्थर्स सीट' आहे, तिथून सावित्रीचं खोरं दिसतं. महाबळेश्वरचं नाव मात्र आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलं. त्याची बायको आणि मूल सावित्रीच्या मुखाशी होडी बुडून गेले आणि तो त्या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा, असं तिथे सांगतात. सहलीला गेलात तर गाईड हेच सांगेल. नदीचा उगम आणि मुख एका गोष्टीत जोडलेले आहेत, म्हणून मी ती वर्गात सांगते.

आता खाडीवर येऊ. महाडच्या परिसरात गांधारी आणि काळ या उपनद्या मिळतात आणि तिथपासूनच भरतीचं पाणी जाणवायला लागतं. पुढे दासगाव, मग आंबेत-म्हाप्रळ, मग उत्तरेला बागमांडला आणि दक्षिणेला वेसवी, आणि शेवटी बाणकोट. समोरच्या बाजूला हरिहरेश्वर. उत्तर काठ रायगड जिल्ह्याचा, दक्षिण काठ रत्नागिरीचा. म्हणजे जिल्ह्याची हद्द पाण्यातून जाते! बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी चढवली की दहा-पंधरा मिनिटांत जिल्हा बदलतो.

एके काळी हाच महामार्ग होता. घाटावरचा माल वरंध घाटाने महाडला उतरायचा आणि तिथून गलबतांनी खाडीतून समुद्रावर जायचा. महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी हीच वाट किती जुनी आहे ते सांगतात, कारण लेणी बहुतेक व्यापारी वाटांवरच कोरली जायची. मुखावरच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे, हिंमतगड. ज्याच्या हातात तो किल्ला, त्याच्या हातात खाडी. १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, त्याच मोहिमेत बाणकोटही गेला. १७५६ च्या तहाने पेशव्यांनी तो आजूबाजूच्या गावांसह कंपनीला दिला आणि इंग्रजांनी त्याचं नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' ठेवलं. (राणी व्हिक्टोरियाचा याच्याशी संबंध नाही, ती जन्मलीच १८१९ मध्ये. मुलं हमखास चुकतात, आणि खरं सांगायचं तर मीही चुकले होते.) पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकण जिल्ह्याचं मुख्य ठाणं काही वर्षं बाणकोटलाच होतं, १८२२ मध्ये ते रत्नागिरीला नेलं. आज तिथे गेलं तर एक शांत मासेमारीचं गाव दिसतं.

बंदरं का ओसरली? रस्ते आले, मोटारी आल्या, हे एक. दुसरं कारण गाळ, आणि ते तुम्ही वर्गातच दाखवू शकता. दोन पारदर्शक बाटल्यांत साधं पाणी घ्या, दोन्हींत चिमूटभर काळी माती टाकून हलवा. एका बाटलीत दोन चमचे मीठ घाला, पुन्हा हलवा आणि ठेवून द्या. मिठाच्या बाटलीतला गढूळपणा आधी खाली बसतो. मातीचे बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलतात, खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून जड होतात. नदीचं गढूळ पाणी खाडीत मिठाला भेटतं तेव्हा हेच होतं. म्हणून तो गुडघाभर चिखल. आपल्या वऱ्हाडी काळ्या मातीत हा प्रयोग मस्त जमतो.

त्या चिखलात, मचूळ पाण्यात उभं राहणारं झाड म्हणजे तिवर, म्हणजेच खारफुटी. चिखलात हवा नसते म्हणून काही जातींची मुळं जमिनीबाहेर पेन्सिलीसारखी उभी राहून श्वास घेतात. पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. राज्यप्राणी, राज्यपक्षी शिकवताना हेही सांगा. मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्लं याच मुळांत वाढतात.

आता माझी एक चूक सांगते. माझ्या वर्गात समोरच्या काठावरून होडीने येणारा एक मुलगा होता. रोज वेगळ्या वेळी यायचा. एक दिवस अर्धा तास उशिरा, दुसऱ्या दिवशी तास-सव्वा तास, मग आठवडाभर वेळेवर. मी नागपूरची, घड्याळाची पक्की. एकदा त्याला सगळ्यांसमोर बाहेर उभं केलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या मुलीने सांगितलं, "बाई, सुकती होती. होडी चिखलात बसली." भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मी डीएडला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या पन्नास मिनिटांचा त्या मुलाच्या हजेरीशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली आणि त्यालाच फळ्याजवळ उभं करून भरतीचं गणित शिकवायला लावलं.

ते गणित असं. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. खाडीत आत आत जाल तशी थोडी उशिरा. किनाऱ्यावरचे कोळी हे घड्याळाशिवाय करतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी का घोकून घ्यायचे, ते मला तिथे कळलं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची लहान, ती भांगाची.

उधाण आणि पूर एकत्र आले की काय होतं, ते महाडला विचारावं. २२ जुलै २०२१ ला तिथी होती आषाढ शुद्ध त्रयोदशी, पौर्णिमा दोन दिवसांवर. डोंगरात प्रचंड पाऊस, सावित्री-गांधारी भरून आलेल्या, आणि खाली समुद्र फुगलेला. खालचं पाणी चढलेलं असलं की वरचं पाणी ओसरायला वेळ लागतो. महाड शहर पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. मी तेव्हा नागपुरात होते आणि जुन्या शाळेतल्या लोकांचे फोन लागत नव्हते. दोन दिवस मी पंचांग घेऊन पाऊणपट करत बसले होते, भरती किती वाजता उतरेल म्हणून.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्रही विसरता येत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या नदीत गेल्या. पूल पुरामुळे पडला, भरतीमुळे नाही. पण ती अमावास्येची रात्र होती, उधाणाचे दिवस. माणसं शोधताना नौदलाला आणि गावकऱ्यांना नदी, खाडी आणि पुढे समुद्रकिनाराही धुंडाळावा लागला, कारण पूर सगळं खाली नेतो आणि भरती-ओहोटी ते इकडून तिकडे हलवत राहते. स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ टेवर २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री रेल्वेपूल कोसळून अख्खी गाडी पाण्यात गेली, एकही प्रवासी वाचला नाही. चौकशीत पुलाची रचना, बांधकाम आणि देखभाल तिन्हींत दोष निघाले. नव्या पुलाशेजारी जुन्या खांबांची थोटकं आजही पाण्यातून दिसतात. महाडला नवा पूल २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

पाचवीतल्या त्या मुलाला मी उत्तर लगेच दिलं नाही. आधी दोन बाटल्या आणि मीठ आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिठाची बाटली खाली निवळलेली पाहून तो म्हणाला, "मग आपल्या नाग नदीची माती पण तिकडे मिठात बसते का?" त्याच्या वहीत आता अंबाझरीपासून राजमहेंद्रीपर्यंत एक निळी रेघ काढलेली आहे.