गाडीचा वेग ठरवायचा कोणी?

आमच्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी जुनी चारचाकी घेतली. काही पैसे पतपेढीच्या कर्जाचे, काही आईने बाजूला ठेवलेले, उरलेले आम्ही घातले. घरात मोटार येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्या संध्याकाळी वस्तीतली निम्मी पोरे तिच्यात बसून गेली. घेताना आम्ही टायर पाहिले, कागदपत्रे तपासली, विम्याची मुदत पाहिली, पेणच्या आरटीओत जाऊन नावही बदलून घेतले. स्टिअरिंगवर डाव्या हाताला चार बटणे होती, त्यांची चौकशी मात्र कोणी केली नाही. विकणारा एवढेच म्हणाला, "ते स्पीड लिमिटर आहे, हायवेला बरे पडते." गाडीबरोबरची माहितीपुस्तिका त्याने दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. कारकुनी करणाऱ्या माणसाने कागद मागू नये, ही आमची चूक आम्ही आधीच कबूल करतो.

त्या चुकीची किंमत मुरुडच्या रस्त्यावर थोडक्यात मोजायची राहिली. नात्यात साखरपुडा होता. गाडीत आई, वहिनी, दोन मुले आणि आम्ही. अलिबाग सोडल्यावर भावाने लिमिटरचे बटण दाबून पन्नासचा आकडा लावला. नागाव, चौल, रेवदंडा हा सगळा वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, मध्येच सायकलवरची मुले. तिथे ते बरेच झाले. रेवदंड्याजवळ एक बैल आडवा आला म्हणून त्याने करकचून ब्रेक मारला आणि त्याच्या मनाने घेतले की, ब्रेक मारला म्हणजे लिमिटर सुटला. पूल ओलांडला, साळाव गेले, कोर्लई आणि बोर्लीही मागे पडली. पुढे एसटी होती, पंचेचाळीसच्या वेगाने चाललेली. समोर मोकळा रस्ता पाहून भावाने गाडी बाहेर काढली. गाडी पन्नासला पोचली आणि तिथेच थांबली. पाय दाबतोय, पण गाडी उचलत नाही. एसटीच्या खिडक्या आमच्या खिडकीला लागून तशाच. समोरच्या वळणातून टेम्पो आला. वहिनी ओरडली. भावाने ब्रेक मारून गाडी एसटीच्या मागे घेतली. टेम्पोवाला जे बोलून गेला ते इथे छापण्यासारखे नाही, पण त्याचे काही चुकलेही नाही.

काशीदला सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली. आई म्हणाली, "गाडी बिघडलीय का रे?" गाडी बिघडली नव्हती. समोरच्या काचेत काट्याखाली पन्नासचा आकडा शांतपणे पेटलेला होता.

रात्री घरी आम्ही हिशेब मांडला. एसटी ताशी ४५ आणि आपण ५०, म्हणजे फरक ताशी पाचाचा, सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. एसटीची लांबी आणि पुढेमागे ठेवायचे अंतर धरून तीस मीटर तरी पुढे सरकायचे. त्याला वीस-एकवीस सेकंद लागणार, आणि तेवढ्या वेळात आपण जवळजवळ तीनशे मीटर रस्ता चुकीच्या बाजूने कापणार. समोरचा टेम्पो तेवढ्याच वेगाने येत असेल तर तोही तीनशे मीटर पुढे येतो. म्हणजे सहाशे मीटर रस्ता मोकळा हवा. मुरुडच्या रस्त्यावर इतका सरळ तुकडा शोधून दाखवावा! ओव्हरटेक करायचे असेल तर लिमिटर आधी बंद करायचा, मगच गाडी बाहेर काढायची, आणि ही आकडेमोड जमत नसेल तर एसटीच्या मागे निमूट चालायचे.

आता हे यंत्र करते काय ते नीट समजून घेऊ. आजच्या गाड्यांत पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरची तार थेट इंजिनाला जात नाही. पाय किती दाबला हे एक छोटा संगणक वाचतो आणि त्याप्रमाणे इंजिनाला हवा किंवा इंधन देतो. लिमिटर लावला की ठरलेल्या आकड्यापुढे तो देणे थांबवतो, मग पाय कितीही आतुर असो. फारच गरज पडली तर पाय तळापर्यंत जोरात दाबावा लागतो. बहुतेक गाड्यांत शेवटी एक अडथळा लागतो, तो ओलांडला की गाडी आकड्याच्या पुढे जाते. आमच्या भावाचा पाय तिथवर गेलाच नव्हता. आणि ब्रेक मारल्याने लिमिटर साधारणपणे सुटत नाही. ब्रेकने सुटतो तो क्रूझ कंट्रोल.

या दोन भावंडांत लोकांची नेहमी गल्लत होते. क्रूझ कंट्रोलमध्ये पाय काढला तरी गाडी ठरलेल्या वेगाने आपोआप धावते. लिमिटरमध्ये पाय आपलाच, फक्त वरची मर्यादा घातलेली. क्रूझ कंट्रोल शोधून काढणारे अमेरिकेतले राल्फ टीटर हे इंजिनिअर लहानपणीच दृष्टी गमावलेले होते, स्वतः गाडी चालवू शकत नव्हते. त्यांचे यंत्र १९५८ साली तिथल्या मोटारींत आले. मोकळ्या, लांबलचक रस्त्यांसाठी ते ठीक. आपल्या किनाऱ्यावर, जिथे दर फर्लांगाला गुरे, सुकत घातलेली मासळी आणि शाळेची पोरे, तिथे ते वापरूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. लिमिटर मात्र वापरावा, पण जाणून.

तिसरी गोष्ट म्हणजे स्पीड गव्हर्नर. ट्रक, बस यांना बसवलेला असतो तो हा. १ ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या व्यावसायिक वाहनांना तो सक्तीचा झाला. साधारणपणे ताशी ८० आणि शाळेच्या बस, डंपर, टँकर यांना ६० अशी त्याची मर्यादा. तो कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडून सील होऊन येतो, चालकाच्या मर्जीवर नसतो. आणि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८०च्या पुढे अधूनमधून आणि १२०च्या पुढे सतत वाजणारी सूचना आली, ती नुसती बोलते, गाडीला धरत नाही. युरोपात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्यावरची पाटी वाचून चालकाला आवरणारे यंत्र सक्तीचे आहे, पण तिथेही शेवटचा शब्द चालकाचाच ठेवला आहे.

लिमिटर ब्रेक लावत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे उणे. पोयनाडकडून अलिबागला येताना कार्ले खिंडीतून खाली उतरा. आकडा चाळीसचा लावलेला असला तरी उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पंचेचाळीस, पन्नास होते. आकडा लुकलुकेल, घंटी वाजेल, एवढेच. उतारावर खालचा गिअर आणि पायाखालचा ब्रेक, याला पर्याय नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर तर आकडा सारखा बदलावा लागतो. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. रुंद काँक्रीट संपून एकदम वळणरस्ता आणि खडी सुरू व्हावी, असा अनुभव कोणाला नाही? ऐंशीवर लावलेला लिमिटर तिथे चालकाला खोटा धीर देतो. आकडा म्हणजे वरची मर्यादा, ते गाठायचे ठिकाण नव्हे. २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्यांतही आम्ही पाहिले आहे, रात्रभर जागलेला चालक, मागे तीन पिढ्या. झोपेवर कोणतेच बटण चालत नाही. तिथे दुसरा चालक हवा, नाहीतर माणगावला गाडी बाजूला लावून दोन तासांची झोप हवी.

ब्रेकचे गणित मुलांना शाळेत सांगतात, आपण विसरतो. ताशी ४० वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, ८० वेगात २२. पण समोर काही दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुपटीवर थांबत नाही. कोरड्या रस्त्यावर ४०ला वीसेक मीटर लागले तर ८०ला पन्नास-साठ. पावसात त्याहून जास्त. आणि वाचते काय? अलिबाग ते मुरुड सुमारे ५० किलोमीटर. सरासरी ५०ने एक तास, ६०ने पन्नास मिनिटे. दहा मिनिटे! तेवढा वेळ तर आम्ही मुरुडला चपला काढून हातपाय धुण्यात घालवला.

आपली कितीतरी मुले आज शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या चालवतात. मांडव्याची बोट सुटेल म्हणून मागून पाहुणा घाई करतो, आणखी एक फेरी झाली पाहिजे म्हणून मालक फोन करतो. अशा वेळी पोरगा लिमिटर लावेल कसा? तो लावायचा तर बोटीच्या आधी अर्धा तास निघायला सांगणारा मालक हवा आणि फेऱ्यांवर नव्हे तर दिवसावर ठरलेली मजुरी हवी. वेग जास्त म्हणून दंडाची पावती फाटते, २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटारीला एक ते दोन हजार रुपये. ती पावती बोट गाठायला निघालेल्या पाहुण्याच्या नावाने फाटत नाही. अशा मुलांनी निघण्यापूर्वीच वेग आणि वेळ बोलून घ्यावा. "दादा, इतक्या वेळात पोचणार नाही," हे गाडी सुरू होण्याआधी सांगणे सोपे, खिंडीत सांगणे अवघड.

आमच्या घरात आता माहितीपुस्तिका आहे. शहरातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकने मिळवून दिली. भावाने मोकळ्या मैदानात गाडी नेऊन तीसचा आकडा लावला, पाय तळापर्यंत दाबून सोडवला, पुन्हा लावला, असे दहा वेळा केले. वहिनीलाही शिकवले, कारण ती आता परवाना काढते आहे.

परवा अलिबागहून निघताना आईने मागून वाकून विचारले, "किती लावलंस?" भाऊ म्हणाला, "चाळीस." नागावच्या वळणापर्यंत एक टेम्पो मागून हॉर्न वाजवत राहिला.