समाजप्रिय कीटकांतील शुक्राणुस्पर्धा

सेलू व मराठवाड्यातील इतर गावी उंच वृक्षांच्या फांद्यांखाली लोंबणारे आग्या मोहोळ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातील सहस्रावधी कामकरी माश्यांची माता एकच असते. पिते मात्र अनेक. राणी तारुण्याच्या आरंभी आकाशात अनेक नरांशी समागम करते. आग्या जातीत ही संख्या चाळिसांच्याही वर जाते. पुढे ती आयुष्यात पुन्हा समागम करीत नाही. शुक्रग्राहिकेत साठविलेल्या शुक्राणूंवरच तिला जन्मभर अंडी फलित करावयाची असतात.

अशा वेळी भिन्न नरांच्या शुक्राणूंत चढाओढ होणे अपरिहार्य होय. कीटकांतील या स्पर्धेची तात्त्विक मांडणी पार्कर यांनी १९७० साली केली. समाजप्रिय कीटकांत तिचे एक साधन रेतद्रव हे आहे, असे डेन बोअर, बेअर व बूम्स्मा यांनी २०१० साली प्रयोगाने दाखविले. युरोपीय मधमाशी व पाने कापणाऱ्या अट्टा मुंग्या यांत नराचा रेतद्रव स्वकीय शुक्राणूंना तगवितो, परकीयांना मात्र घातक ठरतो. एकाच नराशी समागम करणाऱ्या निकटच्या जातींत असा आपपरभाव आढळला नाही.

राणीचे हित मात्र निराळे. मेलेला प्रत्येक शुक्राणू ही तिच्या मर्यादित संचयातील तूट होय. अट्टाच्या राणीत शुक्रग्राहिकेचा स्राव हा संहार थोपवितो. म्हणजे नरांचा कलह मादीच्या देहात सुरू होतो व तेथेच शमविला जातो. बहुपतित्वाच्या टोकाला पोहोचलेली आपली आग्या माशी या सिद्धांताच्या कसोटीस विशेष योग्य आहे.