निःशब्द पेटी : एक घरगुती परीक्षा

आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे करतो आणि रात्रीं घरीं बसूनहि तेंच काम पुढें चालवितो. आमचें घर चिंचवडचें, जुनें. माजघरालगतच्या खोलींत त्याचा संगणक, आणि पातळ भिंतीपलीकडे त्याच्या आईची, म्हणजे आमच्या वहिनींची, खाट. वहिनींचें वय चौऱ्याहत्तर. गेल्या पौषांत एका रात्रीं त्यांनीं पाण्यासाठीं दोनतीनदां हांक मारली. पंख्यांच्या घरघरींत ती कोणासच ऐकूं आली नाहीं. शेवटीं त्या आपणच उठल्या आणि उंबऱ्याशीं पडल्या. हाड मोडलें नाहीं, ही मोरयाची कृपा. पण त्या दिवसापासून संगणकाची शांतता हा आमच्या घरीं केवळ हौसेचा विषय राहिला नाहीं.

पुतण्यास ती घरघर जाणवलीच नव्हती, याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत निवासी भागास ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. औद्योगिक भागास ती ७० आहे. दिवसभर यंत्रांत वावरलेला कान घरच्या आवाजास शांतताच समजतो.

त्यानें पश्चात्तापानें ॲल्युमिनियमची नवी पेटी आणली. विक्रेत्यानें सांगितलें होतें कीं, हा धातु थंड राहतो, म्हणून पेटी निःशब्द. पस्तीस वर्षें मुलांचे निबंध तपासलेल्या माणसास असें "म्हणून" सहज पचत नाहीं. जित्याची खोड! आम्हीं परीक्षा घेण्याचें ठरविलें.

हा धातु आपल्या घरांस नवा नाहीं. आपल्या आज्या ज्यास "जर्मनचें भांडें" म्हणत, तेंच हें. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांस न कळतां, विजेच्या साह्यानें हा धातु काढण्याची एकच रीत शोधली, आणि पुढें तो स्वस्त होऊन घरोघर पोंचला. लोखंडी पत्र्याच्या मानानें त्याचें वजन सुमारें एकतृतीयांश. उष्णता मात्र तो सुमारें चौपट वाहून नेतो. येथपर्यंत विक्रेत्याचें म्हणणें खरें.

परंतु संगणकाच्या पोटांतला तापणारा भाग सहसा पेटीच्या भिंतीस टेकलेला नसतो. त्याची उष्णता त्यावर बसविलेल्या धातूच्या पाकळ्या घेतात, पाकळ्यांपासून हवा घेते, आणि ती हवा पंखा बाहेर घालवितो. भिंत सोन्याची केली तरी या व्यवहारांत फारसा फरक पडत नाहीं. ज्या थोड्या पेट्यांत भिंतच पाकळ्यांचें काम करते व पंखा मुळींच नसतो, तेथें मात्र ॲल्युमिनियमचा खरा उपयोग.

उलट, ध्वनि अडविणें हें वजनाचें काम. भिंतीचें वजन दुप्पट केलें तर पलीकडे जाणारा आवाज सुमारें ६ डेसिबलनीं उतरतो. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला; आमच्या पेटींत तो पत्र्याचा गुण निघाला! पहिल्याच रात्रीं हार्डडिस्कच्या थरथरीनें तिच्या दोन्ही बाजू उकळत्या पातेल्यावरील झांकणाप्रमाणें किणकिणूं लागल्या.

पुतण्यानें मग आपली विद्या कामास लावली. मोटारींच्या तळपत्र्यास आंतून डांबराचे जड तक्ते लावतात, तसे त्यानें बाजूंस चिकटविले. डिस्कखालीं रबराच्या चकत्या घातल्या. जुन्या पेटींतले पंखे ८० मिलिमीटरचे होते. नवींत १४० मिलिमीटरच्या पंख्यांस जागा आहे, हा तिचा खरा गुण. मोठ्या पंख्याचें क्षेत्र लहानाच्या तिप्पट; तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. पंख्याची गति निम्मी केली कीं त्याचा आवाज सुमारें १५ डेसिबलनीं कमी होतो. शांततेचें रहस्य धातूंत नसून या मंदगतींत आहे.

एक पथ्य मात्र पाळावें लागतें. आमच्या भागांत धूळ फार. पेटीच्या तोंडावरील जाळी बुजली कीं आंत उष्णता कोंडते, पंखे वेग घेतात आणि घरघर परत येते. म्हणून दर पंधरवड्यास जाळी धुण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे.

अखेरची परीक्षा यंत्रानें घेतली नाहीं. निजानीज झाल्यावर पुतण्यानें सर्वांत अवजड आराखडा चालू केला. आम्ही वहिनींच्या खाटेजवळ बसलों. त्यांनीं नेहमीच्या क्षीण आवाजांत एकदांच हांक मारली. भिंतीपलीकडून तत्काळ उत्तर आलें, "आलों, आई!"

पेटी घेणाऱ्या गृहस्थांस आमचें सांगणें इतकेंच : धातूचें नांव विचारण्याआधीं पंख्याचा व्यास, बाजूंचें वजन, डिस्कखालचें रबर आणि धुतां येणारी जाळी पाहा. आणि घरांत वृद्ध माणूस असेल, तर आम्हीं ठेवली आहे तशी त्याच्या उशाशीं एक लहानशी घंटाहि ठेवा.