दंड नाकारण्याचा अधिकार

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलाहून अगदीं भिन्न खेळ आहे. त्यांत चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो. ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत, अशी वडील मंडळी हा खेळ पाहूं लागली म्हणजे एका ठिकाणीं हटकून अडतात. मैदानावर पिवळें फडकें पडतें, पंच अपराध जाहीर करतात आणि लागलीच सांगतात कीं, दंड नाकारला आहे! अपराध सिद्ध झाल्यावर दंड नाकारतो कोण, आणि कां?

फडक्याची चाल तशी जुनी नव्हे. पूर्वीं पंच शिंग फुंकून अपराध कळवीत. 1941 सालीं ओहायोंतील यंग्जटाउन कॉलेजचे संघशिक्षक ड्वाइट बीडी यांनीं आपल्या पत्नीकडून फडकीं शिवून घेतलीं, व तेथून ही रीत रूढ झाली.

आतां नियम पाहूं. चेंडू ज्या पक्षाकडे असेल, त्यास 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढें जावें लागतें. प्रत्येक प्रयत्नास 'डाउन' म्हणतात. समजा, तिसरा डाउन आहे व 10 यार्ड जावयाचे आहेत. चढाई करणाऱ्या गड्यानें प्रतिपक्षाच्या गड्यास धरून ठेविलें. दंड 10 यार्ड मागें हटण्याचा. पण फेंकलेला चेंडूहि कोणाच्या हातीं न लागतां भुईवर पडला. दंड घ्यावा, तर अंतर 20 यार्ड होतें खरें, परंतु तिसरा डाउन पुन्हां खेळावयास मिळतो. नाकारावा, तर चौथा, म्हणजे शेवटचा डाउन येतो, व चढाई करणारे बहुधा लाथेनें चेंडू दूर उडवून तो प्रतिपक्षाच्या स्वाधीन करतात. म्हणून प्रतिपक्ष येथें दंड नाकारतो.

ह्याच्या उलट, बचाव करणाऱ्या गड्यानें वेळेपूर्वीं रेषा ओलांडली, तर दंड 5 यार्डांचा. पण तरीहि चढाई करणाऱ्यांनीं 20 यार्ड मजल मारली असेल, तर पांचांसाठीं वीस कोण सोडील? हा दंड सक्तीचा असता, तर प्रतिपक्षाची चांगली चाल रद्द करण्यासाठीं मुद्दाम अपराध करणें हेंच शहाणपण ठरलें असतें! अपराध्यास अपराधाचा लाभ मिळूं नये, म्हणून निवडीचा अधिकार अन्याय सोसणाऱ्या पक्षास दिला आहे. दोन्ही पक्षांकडून अपराध घडल्यास मात्र बहुधा दंडास दंड फिटून तोच डाउन पुन्हां खेळतात.

ह्या अधिकारासहि मर्यादा आहे. घोर अपराधाबद्दल गड्यास मैदानाबाहेर काढलें असेल, तर यार्डांचा दंड नाकारतां येतो. परंतु त्या गड्यास परत घेतां येत नाहीं. भरपाई ही ज्याची हानि झाली त्याची. ती त्यानें घ्यावी वा सोडावी. शासन हें सर्वांच्या रक्षणासाठीं. तें एकट्यास माफ करतां येत नाहीं. घरांतील मुलांचा तंटा मिटवितांना हा भेद ध्यानांत ठेवावा, आणि भरपाई ठरविण्यापूर्वीं जो दुखावला त्यास विचारावें, असें आम्हांस वाटतें.