‘कंबर मोडली’ म्हणजे नेमके काय?

नंदाखालसारख्या वसईच्या बागायती पट्ट्यात माडावरून कोसळून कुणाच्या कण्याला मार बसला, की ‘कंबर मोडली, माणूस आता कायमचा अंथरुणाला खिळला’ असे सहज म्हटले जाते. वास्तविक हाडांचे मणके वेगळे आणि त्यांच्या पोकळीतून मेंदूचे आदेश खाली नेणारा मज्जारज्जू वेगळा. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत असू शकतो, आणि म्हणूनच पडलेल्या माणसाला धरून उठवणे किंवा रिक्षात कोंबणे अत्यंत घातक ठरते.

मज्जारज्जू दुखावला, की साधारणपणे त्या पातळीखालची हालचाल व संवेदना पूर्णतः किंवा अंशतः जाते. इजा जितकी वर, तितके परावलंबन अधिक, हे खरे. पण ‘मानेला लागले म्हणजे सगळे संपले’ हे खरे नव्हे. मानेतून मज्जातंतूंच्या 8 जोड्या निघतात. तिसरी ते पाचवी जोडी श्वासपटल हलवते, त्यामुळे त्यांच्या वर पूर्ण इजा झाल्यास श्वासासाठी यंत्र लागते. पाचवीपर्यंतचे कार्य टिकले तर कोपर वाकवता येते, सहावीपर्यंत मनगट उचलता येते, आणि सातवीपर्यंत टिकल्यास कोपर ताठ करून, त्या जोरावर अनेकांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः सरकता येते. एका जोडीचे अंतर ते किती, पण तेवढ्याने माणसाचा अख्खा दिवस बदलतो.

सहाव्या पातळीवर बोटांत जोर नसतो. तरीही मनगट वर उचलताच बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे, ताणले जाऊन बोटे आपोआप मिटतात आणि हलका पेला धरता येतो. घरची माणसे मायेने मनगट मागे वाकवून तीच बोटे रोज सरळ ताणतात, तेव्हा ही पकड सैल होते.

पाठीत किंवा कमरेत इजा झाल्यास हात पूर्ण कामाचे राहतात. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले, ते याच हातांच्या बळावर.

‘फक्त पाय गेले’ हाही समज अपुरा आहे, कारण लघवी, शौच आणि त्वचेची जाणीवही बाधित होते. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असल्यास केवळ तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब धोकादायक वाढतो. अचानक डोके ठणकून घाम फुटल्यास रुग्णाला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का ते आधी पाहावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे.