नाचणे की लढणे?

भीमजयंतीची गोष्ट. अमरावतीच्या इर्विन चौकात मिरवणूक पोहोचली होती. लेझीम झाली आणि पोरांनी लाठी-काठी काढली. आम्ही बाजूला उभे राहून पाहत होतो. घामाघूम झालेल्या एका पोराने आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. दोन कृष्णवर्णीय तरुण रिंगणात एकमेकांभोवती फिरत होते. लाथ डोक्यावरून जात होती, पण लागत नव्हती. भोवतालची माणसे टाळ्या देत गात होती. पोराने विचारले, "वकीलसाहेब, हे नाचून रायले का भांडून रायले?"

आम्ही म्हणालो, "दोन्ही, बाबू." पण एवढ्या उत्तराने भागत नाही, म्हणून हा लेख.

त्या खेळाचे नाव कापोएरा. देश ब्राझील. आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे ४८ लाख माणसे त्या देशात गुलाम म्हणून उतरवली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या गुलामांनी आणि त्यांच्या लेकराबाळांनी ही विद्या घडवली. मालकाला नाच दिसावा आणि आपली लढाईची तयारी व्हावी, म्हणून तिला गाण्याची जोड दिली, असे तेथील लोक सांगतात. धनुष्यासारख्या एकतारी वाद्यावर, म्हणजे बेरिंबाऊवर, खेळाची गती ठरते. गुजरातमधील सिद्दी समाजाचे 'मलुंगा' हे वाद्यही असेच धनुष्याचे. तेही आफ्रिकेतून आलेल्यांचेच वंशज.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. आणि १८९० च्या दंडसंहितेत लगेच कलम ४०२ आले. रस्त्यावर कापोएरा खेळला तर दोन ते सहा महिने कैद! वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. माणूस मोकळा केला आणि अडीच वर्षांच्या आत त्याची विद्या गुन्हा ठरवली. बेडी पायातून काढली आणि कायद्याच्या पुस्तकात ठेवली. पोलिसांना खरे नाव कळू नये म्हणून खेळाडू टोपणनावे घेत. ती प्रथा आजही चालू आहे.

ही विद्या वाचवली ती मास्तरांनी. मेस्त्रे बिंबा यांनी १९३२ साली साल्वादोर शहरात शाळा काढली. पद्धतशीर धडे बांधले, शिस्त लावली आणि शिकणारा विद्यार्थी तरी असावा किंवा कामकरी तरी, असा दंडक घातला. १९३७ मध्ये त्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. मेस्त्रे पास्तिन्या यांनी जुनी आफ्रिकी रीत जपली. २०१४ साली युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. पण तो मान पाहायला हे दोघे नव्हते. बिंबा १९७४ साली आपल्या गावापासून दूर, हलाखीत गेले. पास्तिन्यांची शाळेची जागा दुरुस्तीच्या नावाखाली गेली आणि १९८१ साली ते अंध व कंगाल अवस्थेत वारले. विद्या जगभर पोहोचली, विद्या देणारा उपाशी राहिला.

आता आपल्याकडे या. आमच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याचा अभिमान अमरावतीकर म्हणून आम्हालाही आहे. पण रस्त्यावर दोरीवरून चालणाऱ्या, कोलांट्या मारणाऱ्या डोंबाऱ्याच्या लेकराचे काय? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची व्याख्या उघडून पाहा. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणे म्हणजे भीक! तीच उडी मैदानात मारली की खेळ, प्रमाणपत्र आणि टाळ्या. चौकात मारली की भीक. उडी एकच आहे. फरक आहे तो मारणाऱ्याच्या जातीत आणि पोटात.

आपल्या काठीचेही तसेच. गावगाड्यात रात्रीचा पहारा देणारी काठी आमच्या बापजाद्यांच्या हाती होती, पण ती वेठीची काठी होती. लष्करात शौर्य गाजवलेल्या महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली, कारण म्हणे ही लढाऊ जात नव्हे! महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला. समता सैनिक दलाने त्याच काठीला स्वाभिमानाची काठी केले.

काही कार्यकर्ते विचारतात, जुन्या गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी लाचारीची कामे सोडायला सांगितली आणि ती सोडलीच पाहिजेत. पण वेठ वेगळी आणि विद्या वेगळी. जे मालकाने लादले ते टाकायचे; जे मालकाच्या नजरेआड आपण कमावले ते ठेवायचे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिले. हे नाते आमच्या महापुरुषांनी जोडलेले आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. अमरावती-अकोल्यातील विहारांत दर रविवारी सकाळी काठीचा वर्ग भरवा. अकोल्याच्या धम्ममेळाव्यात आणि जयंतीत जे दिसते, ते वर्षभर शिकवा. मुलींना पहिल्या रांगेत घ्या. डोंबारी-पारध्यांची लेकरे बोलवा. कापोएरात शिकणाऱ्याला गाणे आणि वाद्यही यावे लागते. आपल्या पोरांना काठीबरोबर भीमगीत आणि इतिहासही आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादाचे नाव फलकावर लिहा आणि त्याच्या हातात महिन्याचे मानधन ठेवा. मेल्यावर हार घालण्यापेक्षा ते बरे.

पोराने विचारले होते, नाचणे की लढणे? ज्याच्या नाचावर कायदा उठतो, त्याचे नाचणेही लढणेच असते.

जय भीम!